काडेपेटीत मावणारा रिसीव्हर

ज्येष्ठ निम्मा सरला तरी यंदा आभाळात काही हालचाल नाही. सकाळी पांघरुणाच्या घड्या करताना चादर अंगाला चिकटते, ओढून सोडवली की तडतडते, आणि दाराच्या कडीला हात लावला की बोटाला बारीक चटका बसतो. घरातली माणसं हसतात. मला मात्र त्यानंतर दिवसभर एका जागी बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते, पंखा बंद करते, पुन्हा लावते, फोन उचलते आणि कुणाला लावायचा होता तेच विसरते. कोरडी हवा आली की माझं हे असं होतं. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, नोकरी सुटूनही वर्षं झाली, पण ही येरझार काही सुटली नाही.

माझा सगळा जन्म रिसीव्हर लहान करण्यात गेला. कॉम्प्युटरचा कीबोर्ड आणि माऊस तारेशिवाय चालतात, ते कशाच्या जोरावर, असं सहसा कुणी विचारत नाही. मागच्या बाजूला एक तुकडा खोचलेला असतो. बटण दाबलं की कीबोर्ड हवेत एक हाक मारतो आणि तो तुकडा ती झेलून कॉम्प्युटरला सांगतो. तो तुकडा आखणं हे माझं काम. शेवटी शेवटी तो इतका लहान झाला होता की पाहुणी आलेल्या माझ्या बहिणीनं एक रिसीव्हर केराबरोबर झाडून टाकला आणि आम्ही दोघी अख्खा कचरा चाळत बसलो.

पण तडतडणारी चादर हातात आली की आठवतो तो पहिला. काडेपेटीएवढा. धाराशिवचा, दुष्काळातला.

तेव्हा पाटीवर उस्मानाबाद होतं आणि बोलण्यात धाराशिव. गावाबाहेर माळावर पत्र्याची एक शेड होती, आणि तिच्यात आमची सहकारी संस्था. अण्णांनी ती काढली होती. अण्णा हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले, धोतर नेसणारे, खिशात कायम एक टेस्टर बाळगणारे. साखर कारखाना सहकारी, सूतगिरणी सहकारी, मग रेडिओचा कारखाना सहकारी का नको, असं ते म्हणत. दहा-बारा बायका तिथं छोटे ट्रान्झिस्टर रेडिओ जुळवायच्या. मी औरंगाबादहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली, आखणी करणारी म्हणून एकटीच. चोविशीची होते. रोज माझ्या गावाहून, तेरहून, एसटीनं यायचे, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. बाटली डब्यापेक्षा जड असायची.

पाऊस त्याच्या आधीच्या सालीही झाला नव्हता. एसटीच्या खिडकीतून तेरणेचं पात्र दिसायचं, पांढरं, उघडं, मधेमधे माणसांनी उकरलेले झिरे. दोन्ही बाजूंनी रोजगार हमीची कामं, रस्त्यावर खडीचे ढीग आणि ढिगाआड डोक्यावर फडकं घेऊन बसलेल्या बायका. आमच्या वस्तीत जयंतीला लावलेले निळे झेंडे वैशाखातच उन्हानं पांढुरके झाले होते. सगळ्या मुलखात बोअरच्या गाड्या फिरत होत्या. कुठूनही त्यांची घरघर ऐकू यायची, आणि ती थांबली की माणसं कान टवकारायची. लागलं का?

रेडिओचा खप कमी होत चालला होता. अशा वेळी अण्णांचे एक जुने विद्यार्थी, साठे, पुण्याहून जीप घेऊन आले. एका कॉम्प्युटर कंपनीत ते इंजिनिअर होते. त्यांनी टेबलावर एक कीबोर्ड ठेवला आणि शेजारी साबणाच्या वडीसारखी एक वस्तू. "हा माऊस," ते म्हणाले. "यांच्या तारा काढून टाकायच्या आहेत. आधी कीबोर्डची, मग माऊसची. रिसीव्हर तुम्ही करायचा. पण एवढ्यात बसला पाहिजे." त्यांनी खिशातली काडेपेटी काढून ठेवली.

बायका भोवती जमल्या होत्या. सुंदराबाईंनी विचारलं, "माऊस म्हंजी?"

"उंदीर," मी म्हणाले.

"आन् ही तार म्हंजी शेपूट व्हय? मग त्येची शेपूट कापायचं काम हाय म्हणा की आपलं."

सगळ्या हसल्या. अण्णाही हसले. त्या उन्हाळ्यात शेडमध्ये तेवढं मोठं हसू मी पुन्हा फार वेळा ऐकलं नाही.

सुंदराबाई भूमकडच्या, धनगराच्या. मालक मेंढरं घेऊन पौषातच खाली कर्नाटकाच्या अंगाला उतरले होते. मागं राहिलेली, लांबवर चालू न शकणारी काही कोकरं घेऊन त्या धाराशिवात बहिणीकडे राहत होत्या. आमच्याकडे येण्याआधी खडीच्या कामावर होत्या. पहिल्या आठवड्यात केसासारखी तांब्याची तार त्यांच्या बोटांना जाणवतच नव्हती, इतकी कातडी जाड झाली होती. मग हळूहळू बोटं परत आली. सोल्डरिंगला आमच्याकडे डाग देणं म्हणत, भांड्याला देतात तसं. सुंदराबाईंचा डाग गोल, चकचकीत, ज्वारीच्या दाण्यासारखा.

आखणीला मी लागले आणि माझी झोप, भूक, बोलणं, सगळं विस्कटलं. काडेपेटीत बसवायचं तर सुटे ट्रान्झिस्टर वापरून भागणार नव्हतं. साठे यांनी दिलेल्या आयसी वापरायलाच हव्या होत्या, काळ्या, चपट्या, एकीच्या पोटात कितीतरी ट्रान्झिस्टर आणि बाहेर गोमेसारखे पाय. कागदावर रेघा मारायच्या, खोडायच्या. एसटीत तिकिटाच्या मागं आखायचं. पहिला रिसीव्हर उभा राहिला तेव्हा त्यानं भलतंच केलं. आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, दिव्यांची एक पेटी मी केली होती. बटण दाबलं की त्या बटणाचा दिवा लागायचा. पण शेजारच्या प्लॉटवर वेल्डिंगची ठिणगी पडली की कुणी काही न दाबताच दिवे लुकलुकायचे. बोअरची गाडी सुरू झाली की सगळी पेटीच नाचायची. हाक झेलणारी कॉइल छोटी, जागा छोटी, आणि हवेत नुसता गोंगाट. शेवटी मी अशी सोय केली की तीच हाक लागोपाठ दोनदा आली तरच रिसीव्हरनं ती खरी धरायची. दिवे शांत झाले. मी मात्र झाले नाही, कारण तोवर आयसी मरायला लागल्या होत्या.

सकाळी जुळवलेला रिसीव्हर चालायचा आणि दुपारी मुका. आयसी बदलली की पुन्हा चालायचा, पुन्हा मुका. त्या आयसी परदेशातून आलेल्या, मोजक्या. कारण मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण ते असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. या जातीच्या आयसीला कोरड्या हवेतली वीज सोसत नाही. आणि बायका सगळ्या नायलॉनच्या साड्यांत. उठल्या-बसल्या की साडी तडतडायची आणि ती वीज बोटांतून आयसीत उतरायची.

अण्णांनी ट्रंक कॉल लावला. साठे पलीकडून ओरडून सांगत होते, ते मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होतं. "जमीन ओली ठेवा! पोती भिजवून टाका. हवेत ओल पाहिजे!"

अण्णांनी फोन ठेवला. मग त्यांनी टँकरवाल्याशी बोलून संस्थेच्या नावानं रोज एक पिंप पाणी ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी शेडमध्ये पाणी मारायला सुरुवात झाली. गोणपाटं भिजवून टेबलांच्या मधे अंथरली. त्या मातीचा, ओल्या तागाचा वास! सगळ्या माळावर धग असताना आमच्या शेडमध्ये गारवा. बायका चपला काढून ओल्या गोणपाटावर पाय ठेवून बसायच्या. आयसी वाचायला लागल्या. बाहेर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली असायची, आणि त्या रांगेतल्या बायकांना दारातून आमची ओली जमीन दिसायची. घागरी तशाच धरून त्या बघायच्या.

पाणी मारायचं काम सुंदराबाईंकडे होतं, कारण त्या सगळ्यांत आधी यायच्या. एका सकाळी मी पोचले तर जमीन कोरडी आणि भरलेली बादली दाराशी तशीच.

"म्याडम, आजपस्नं म्या पाणी मारणार न्हाय."

"का हो, सुंदराबाई?"

"भाईर बाया घागरी घिऊन हुब्या हायत्या. त्यांच्या देखत जिमिनीवर वतायला हात धजत न्हाय."

मी त्यांना समजावून सांगितलं. हवेतली वीज, आयसी, नायलॉन, पुण्याची ऑर्डर, सगळं.

"कळलं," त्या म्हणाल्या. "तुमचं खोटं न्हाय. पर म्या मारणार न्हाय. माझी कोकरं सांजच्याला जीभ भाईर काढून बघत्यात माझ्याकडं. त्यांच्या म्होरं जाऊन काय सांगू, आज त्या आयसीला पाणी पाजलं म्हनून?"

त्या दिवशी पाणी गोदाबाईंनी मारलं. गोदाबाई वयानं मोठ्या, विधवा, कशालाही नाही न म्हणणाऱ्या. काम चाललं. पण मी रिसीव्हर जुळवताना तेच तेच स्क्रू काढत आणि लावत होते.

संध्याकाळी एसटीतून उतरले तर माय घरी नव्हती. मी पात्रात उतरले. आमच्या वस्तीचा झिरा खालच्या अंगाला होता. माय त्याच्या काठावर बसून वाटीनं पाणी भरत होती. वाटी बुडेल इतकंही पाणी नसायचं, तळाशी टेकवून, तिरकी करून, जमेल तेवढं घ्यायचं आणि पुन्हा पाझरायची वाट बघायची. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती सुंदराबाईंना नावं ठेवील. पोरीच्या नोकरीचा प्रश्न होता. तिनं वाटीतलं पाणी घागरीत ओतलं, फडक्यानं घागरीचं तोंड बांधलं.

"म्या तुझ्या वयाची व्हते तवा," ती म्हणाली, "पाटलाच्या हिरीवर ओंजळ धरून हुबी ऱ्हायचे. वरनं कुणी वतलं तर प्यायचं. न वतलं तर तसंच यायचं माघारी." मग थोडं थांबून, "तुला शिकविलं त्ये काय तरी दुसरं सुचावं म्हनून. सुचंल तुला."

तिचा आवाज रागाचा नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. घागर मी डोक्यावर घेतली आणि वाळूतून चालताना मला एकच कळत होतं, की उद्या पाणी मारायचं नाही. पुढं काय करायचं ते कळत नव्हतं.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते चिडले. त्यांना मी तसं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पोरी, ऑर्डर गेली तर ह्या बाया कुठं जातील ठावं हाय न्हवं तुला? परत खडीवर. सुंदराबाईची बोटं बघितलीस ना आली तेव्हाची?"

"बघितली अण्णा. पण त्याच म्हणतायत पाणी नको."

"त्या म्हणतील. चारचौघांत पोटाचं कुणी बोलत नसतं."

"मला थोडे दिवस द्या."

अण्णा उठले, बाहेर गेले, आणि पिंपाची तोटी सोडून रांगेतल्या बायकांना हाक मारली. त्या धावतच आल्या. सुंदराबाईंनीही आपली कळशी मधे लावली. अण्णा परत आले तेव्हा त्यांच्या धोतराचा काठ भिजला होता. "घे तुझे दिवस," म्हणाले.

ते दिवस अजून माझ्या अंगावर येतात. मी सुट्या ट्रान्झिस्टरनं करून बघितलं, ते या विजेनं मरत नाहीत म्हणून. रिसीव्हर पेढ्याच्या डब्याएवढा झाला. साठे फोनवर म्हणाले, माप बदलणार नाही. मी बायकांना सुती साड्या नेसून यायला सांगितलं, तर एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी गोदाबाई म्हणाल्या, "ताई, नायलॉन तांब्याभर पान्यात निघतंय. सुती धुवायला बादली लागती. म्हनून तर आमी समद्या नायलॉन नेसतोय." इतकी साधी गोष्ट, आणि ती मला सुचली नव्हती. मग जुन्या सुती लुगड्यांचे धडपे आणले, ते शेडमध्येच ठेवायचे, नायलॉनवरून गुंडाळायचे आणि जाताना काढून झटकायचे, असं ठरलं. थोडा फरक पडला. आयसी कमी मरायला लागल्या, पण मरतच होत्या.

आणि मग सुंदराबाईंना झटका बसला. डाग देता देता त्यांनी आयर्न फेकलं आणि मनगट धरून उभ्या राहिल्या. "कवापस्नं मुंग्या यीत व्हत्या," त्या म्हणाल्या, "आज मुंगळा डसला."

मी मीटर लावला. सोल्डरिंग आयर्नच्या अंगावर वीज होती. जी जमिनीत उतरून जायला हवी, ती उतरत नव्हती. आयसीत जात होती, बायकांच्या हातांत जात होती. लाईनमनला बोलावलं. त्यानं शेडमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात काठी खुपसली. भुसभुशीत धूळ वर आली.

"जिमीनच वाळली की वो म्याडम. करंट उतरायला ओल लागती. ह्यात रोज दोन बादल्या पाणी वता, हुईल."

गोदाबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मग सुंदराबाई हसल्या, मग सगळ्याच. जमिनीवर नको म्हणून पाणी बंद केलं, तर आता जमिनीच्या आत ओता म्हणे! मला हसू आलं नाही. मी शेडच्या बाहेर गेले आणि उन्हात, आवारात, इकडून तिकडे चालत राहिले. तशी चालत असतानाच माझा पाय बोअरच्या झाकणाला लागला.

आदल्या साली अण्णांनी आवारात बोअर घेतलं होतं. खडकातून खूप खाली गेले, आणि शेवटी हाताला लागला तो चिखल. पंप टाकण्यासारखं काहीच नव्हतं. वर दगड ठेवून ते बंद केलं होतं, आणि अण्णा त्या बाजूनं जायचंही टाळत.

मी दगड सरकवला. एक खडा टाकला. बराच वेळ काही नाही, आणि मग खालून आलेला तो आवाज. टक नव्हता तो. थप्प.

"अण्णा!" मी ओरडले. "पाणी नको आपल्याला. चिखल पुरे आहे!"

आत तार सोडायची होती, उघडी, जाड, तळापर्यंत पोचेल इतकी. तेवढी लांब तार संस्थेत नव्हती. जुन्या ट्रान्सफॉर्मरची, मोडक्या मोटारीची, मिळेल ती तांब्याची तार सोलून काढली आणि बायकांनी तुकड्याला तुकडा पीळ देऊन जोडला. प्रत्येक जोडावर सुंदराबाईंनी मोठा, जाडजूड डाग दिला. आयर्नचा प्लग काढून, कोळशाच्या शेगडीवर तापवून. टोकाला मोटारीचा लोखंडी दांडा बांधला. मग सगळ्या बोअरभोवती उभ्या राहिल्या आणि तार सोडायला लागल्या.

विहिरीवर वाढलेले हात होते ते. दोर सोडायची सवय त्यांना जन्माची. पण कितीतरी महिन्यांत त्यांनी खोल काही सोडलंच नव्हतं, कारण सोडावं असं कुठं काही उरलं नव्हतं. तार हातांतून हातांत सरकत होती. एकाएकी ती सैल पडली.

"टेकलं," सुंदराबाई म्हणाल्या. आणि मग, "वर घ्या. एकडाव बघू द्या."

गरज नव्हती. पण मी नको म्हटलं नाही. दांडा वर आला तो काळ्याभोर चिखलानं माखलेला. सुंदराबाईंनी त्याला बोट लावलं, मग तळवा. गोदाबाईंनी लावलं. एकेक करून सगळ्यांनी लावलं. अण्णा मागं उभे होते, ते पुढं आले, चिखलाचं एक बोट त्यांनी घेतलं आणि अंगठ्यावर चोळत राहिले. आमच्या त्या फसलेल्या बोअरकडे ते पहिल्यांदाच नजर न चुकवता बघत होते. मग आम्ही दांडा पुन्हा खाली सोडला आणि तारेचं वरचं टोक शेडच्या अर्थिंगला जोडलं.

मीटरचा काटा शून्याला टेकला. आयर्नवर मुंग्या येईनात. उरली हवेतली वीज, तिच्यासाठी मी प्रत्येकीच्या मनगटाला तांब्याचा पट्टा केला, त्याची बारीक तार टेबलाखालून त्याच अर्थिंगला. सगळ्यांनी पट्टे चढवले. गोदाबाईंनी मात्र तो हातात धरून ठेवला. मालक गेल्यापासून त्यांच्या मनगटात काही नव्हतं.

"बांगडीवानी दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या.

सुंदराबाईंनी त्यांच्या हातातून पट्टा घेतला, त्यांच्या मनगटावर ठेवला, दाबून बसवला आणि आपल्या जागी जाऊन कामाला लागल्या. गोदाबाई काही वेळ मनगटाकडे बघत राहिल्या. दिवसभर त्यांनी तो हात पदराखाली घेतला नाही.

आयसी वाचल्या. सगळ्याच वाचल्या असं नाही, पण मरणाऱ्या इतक्या थोड्या की मी पहिल्यांदा पोटभर जेवले. रिसीव्हर काडेपेटीत बसले. साठे जीपमध्ये कॉम्प्युटर घालून तपासायला आले. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्यांनी कीबोर्ड उचलला, दारापर्यंत मागं गेले, बटणं दाबली, आणि पडद्यावर अक्षरं उमटत गेली. शेजारी बोअरची गाडी घरघरत होती. एक अक्षर चुकलं नाही. अण्णांनी टेस्टर खिशातून काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला.

साठे यांनी कीबोर्ड सुंदराबाईंपुढे धरला. "तुम्ही दाबा."

"मला अक्षर येत न्हाय."

"कुठलंही दाबा."

त्यांनी एक बटण दाबलं. दूर पडद्यावर एक अक्षर उमटलं. त्या तिकडे बघत राहिल्या, पुन्हा तेच दाबलं, पुन्हा उमटलं.

"म्याडम, ही हाक कुठवर जाती?"

"या खोलीपुरती."

"भूमपस्तोर न्हाय जायची?"

"नाही हो. मुद्दामच कमी ठेवलीय. शेजारच्या खोलीतल्या मशिनशी गोंधळ व्हायला नको म्हणून."

"अगं बया," त्या म्हणाल्या, कीबोर्ड अलगद माझ्या हातात देत. "एवढा जिवाचा आटापिटा केला तुमी, आन् खोलीतल्या खोलीत? माझं मानूस पौषापस्नं गेलंय, त्येचा काय सांगावा न्हाय."

साठे यांनी ऐकलं नाही, ते अण्णांशी बोलत होते. मी ऐकलं. पुढं आयुष्यभर हा पल्ला कमीच ठेवण्यासाठी मला पगार मिळाला. हातभर, दोन हात, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक नवा रिसीव्हर आखताना ते "खोलीतल्या खोलीत" कानात यायचं आणि मी पेन्सिल ठेवून उठायचे, दोन चकरा मारायचे. सोबतचे म्हणत, बाई विचार करतायत.

संस्था पुढं काही वर्षं चालली. मग तयार कीबोर्ड बाहेरून स्वस्तात यायला लागले, अण्णा थकले, शेडमध्ये खताचं गोदाम झालं, आणि साठे यांच्या ओळखीनं मी पुण्याला आले. माय माझ्याकडे शेवटपर्यंत आली नाही, तेरलाच राहिली. तिच्या दारात नळ आला ते तिनं पाहिलं.

पण त्या सालातली एक दुपार सांगायची राहिली. पाऊस लागला नव्हताच, नुसते वारे होते. ऑर्डरचं काम जोरात होतं. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, पायाला धुळीचा थर, दाढी वाढलेली. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे बारीक डाग देण्यात सुंदराबाई गुंतलेल्या, दाराकडे पाठ. त्या माणसाची नजर सगळ्यांवरून फिरत त्यांच्या पाठीवर थांबली आणि मला कळलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यानं हात हलवून मला थांबवलं.

"हू द्या तिचं," तो इतक्या हळू म्हणाला की मला ओठांवरूनच समजलं.

तो उभा राहिला. सुंदराबाईंनी डाग दिला, फुंकर घातली, सर्किटची पाटी उजेडाला धरून बघितली आणि वळल्या.

"कवा आलाव?"

"ह्ये आत्ताच."

"मेंढरं?"

"निम्मी आनलीत. निम्मी गेली."

त्यानं विचारलं, "कोकरं?"

"हायती. दोन मोठी झालीत." मग त्या परत टेबलाकडे वळल्या. "बसा. येवढं एक राहिलंय."

तो उंबऱ्यात बसला, घोंगडं मांडीवर घेऊन. सुंदराबाई पाटीवर वाकल्या. मी पलीकडून बघत होते. आयर्न टेकवता टेकवता त्यांनी एकदा मान वळवून उंबऱ्याकडे बघितलं. डाग एका बाजूला ओघळला. पाटी त्यांनी माझ्यापुढे ठेवली, माझ्याकडे न बघता. मी मीटर लावून बघितलं. जोड पक्का होता. नियमाप्रमाणं तो ओघळलेला डाग काढून पुन्हा द्यायला मी सांगायला हवं होतं. मी ती पाटी काडेपेटीएवढ्या डबीत बसवली आणि पुण्याला जायच्या खोक्यात ठेवून दिली.